माईक बंद करू नका, उत्तर द्या



बिल मार हे अमेरिकेतले राजकीय विनोदकार. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर आठवड्याभरातच ते एबीसी वाहिनीवर म्हणाले, हल्लेखोरांना भ्याड म्हणता येणार नाही. दोन हजार मैलांवरून क्षेपणास्त्रे सोडणारे आपणच भ्याड. जाहिरातदारांनी पाठ फिरवली. २००२मध्ये कार्यक्रम बंद झाला.

याच मार यांनी २०१४मध्ये एचबीओवर इस्लामची तुलना माफियाशी केली. तिथेच बसलेले अभिनेते बेन ॲफ्लेक यांनी त्यांना तोंडावर सुनावले, सगळ्या मुस्लिमांना एका मापात तोलणे हा वंशद्वेष आहे. पुढे बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मार यांना पदवीदान समारंभाला बोलावू नका, अशी मागणी केली. विद्यापीठाने निमंत्रण कायम ठेवले आणि मार बोलले.

त्या विद्यार्थ्यांचे दुःख मला समजते, मागणी पटत नाही. धर्माची चिकित्सा हा सर्वांचा हक्क आहे. तलाकवर, मुलींच्या वारसाहक्कावर आपण बोलतो तेव्हा आपल्यालाही गप्प बसवू पाहणारे असतातच. मात्र चिकित्सेच्या नावाखाली कोणी अख्ख्या समाजाला आरोपी ठरवत असेल, तर ॲफ्लेक यांच्यासारखे समोर बसून, न घाबरता उत्तर द्या.