चमचाभर विरजण



दिवाळीच्या किंवा जत्रेच्या दिवसांत विट्याच्या स्टँडवर घटकाभर उभे राहा. गावाकडे आलेल्या माणसांच्या बोलण्यात मल्याळम, तमिळ, बंगाली, नेपाळी शब्द कानावर पडतील. ही आपली गलाईवाली माणसं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं त्यांच्या वाडवडिलांना घराबाहेर काढलं आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानं त्यांना त्रिशूर, कोइमतूर, कोलकाता, पार काठमांडूपर्यंत नेऊन बसवलं. त्यांच्या कष्टांचं कौतुक आपण पुष्कळ करतो. त्यांनी कमावलेल्या भाषांचं मात्र कुणी नाव काढत नाही. आज मला तेवढंच बोलायचं आहे.

मूस, भट्टी, तेजाब हे मी तुम्हाला काय सांगावं! एकच गोष्ट ध्यानात घ्या. सराफ मोडीचे दागिने तुमच्या हाती देतो. ते मुशीत गेले की आकार गेला, खूण गेली. मग त्याच्यापाशी उरतो तो फक्त तुमचा शब्द, आणि तो त्याला कळेल अशा भाषेतच द्यावा लागतो. मध्ये दुभाष्या बसवून कुणी कुणाच्या हाती सोनं सोपवत नाही.

घरी दही लावताना आपण काय करतो? पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण. परमुलखातल्या भाषेचं तसंच आहे. पहिल्या दिवशी व्याकरण नको. ‘या, बसा’, ‘वजन बघून घ्या’, ‘उद्या देतो’ एवढं त्यांच्या बोलीत म्हणा, दही लागायला सुरुवात होते. मात्र दूध कोमट हवं. समोरच्या माणसाबद्दल मनात ऊब नसेल तर नुसते शब्द घालून दही लागत नाही. आणि विरजण रोज राखून ठेवावं लागतं, हे आयाबायांना मी सांगायला नको.

वजनाचंच बघा. आपल्या बाजारात तोळा म्हणजे आता 10 ग्रॅम. काठमांडूत तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. तेवढ्याच वजनाला कोलकात्यात भरी म्हणतात. केरळात सोन्याचा भाव पवनावर सांगतात, तमिळनाडूत सवरनवर, आणि दोन्ही 8 ग्रॅमचे. नेपाळी माणूस ‘कति’ विचारतो तेव्हा आपल्याला आपलंच ‘किती’ ऐकू येतं, जवळचं वाटतं. पण तोळा हा शब्द आपलाच समजून जो भाव ठरवेल, त्याचा तोळ्यामागे दीड ग्रॅमहून जास्त घोळ होईल. म्हणून म्हणतो, भाषा हे भांडवल आहे. भट्टी आणि तराजूइतकंच.

आता दुबईचा सोनेबाजार डोळ्यांसमोर आणा. तिथं केरळच्या सराफांच्या मोठमोठ्या पेढ्या आहेत. त्रिशूरच्या गल्लीत वाढलेलं आपलं पोर तिथं उतरलं, तर त्याच्यापाशी मल्याळम तयार आहे, हिंदी आहे, घरची मराठी आहे. अरबी यायची आहे, पण तीही अगदी परकी नाही. हिशेब, वजन, बाकी हे शब्द मुळात अरबीच. शतकानुशतकं आपण ते घरात वापरतो आहोत. आणि आखातात सोन्याचं 10 तोळ्यांचं बिस्कीट चालत आलं, त्यातला तोळा इथूनच गेलेला. इतकं विरजण घेऊन निघालेल्या पोराला आपण सांगतो, तुला इंग्रजी येत नाही, तू काय धंदा करणार!

इंग्रजी हवीच. बँकेची, कस्टमची कागदपत्रं तिच्यात असतात, ती शिकाच. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. सुट्टीला आलेला नातू मल्याळममध्ये काही बोलला की आपण त्याला दटावतो, ‘ते अंडुगुंडू इथं नको.’ आणि तिकडे त्याचे आईवडील घरात मराठी बंद करतात, शाळेत अडचण नको म्हणून. दोन्हीकडून वाडगा पुसून रिकामा! आजोबांनी वीस वर्षं परक्या गावात राहून लावलेलं दही एका पिढीत संपवायचं आणि मग क्लासला पैसे भरायचे. असं करू नका. पुन्हा सांगतो, भाषा हे भांडवल आहे, ते पोरांच्या हातून सांडू देऊ नका.

परमुलखात गेलेल्या आपल्या बायकांबद्दलही बोलायचं होतं. भाजीवालीशी, शेजारणीशी बोलून नवी भाषा घरात पहिल्यांदा त्याच आणतात, आणि पुढे दुकानाला त्या भाषेचा जो आधार होतो... पण वेळ संपत आला आहे, ते आज राहू द्या.

एवढंच करा. या सुट्टीत नातू गावी आला की त्याला अंगणात जवळ बसवा, त्याच्या गावच्या भाषेत दहापर्यंत आकडे म्हणायला सांगा, आणि त्याच्यामागून तुम्हीही म्हणा.