उबुंटू २६.०४ येतंय : "चालतंय ना, मग हात कशाला लावता?"

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे उबुंटू २६.०४. हा भाग फेब्रुवारी २०२६ मध्ये रेकॉर्ड होतोय, म्हणजे रिलीजच्या आधी, एवढं लक्षात ठेवून ऐका. ठरलेली तारीख आहे २३ एप्रिल. नाव ठेवलंय 'रेझोल्यूट रकून'. रेझोल्यूट म्हणजे निर्धाराचा, पक्का. आणि गंमत अशी की सगळा वाद त्याच्या पक्केपणावरच चाललाय.

जे लिनक्स रोज वापरत नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. आकडा म्हणजे वर्ष आणि महिना : २५.१० म्हणजे ऑक्टोबर २०२५, २६.०४ म्हणजे एप्रिल २०२६. यातल्या बहुतेक आवृत्त्यांचं आयुष्य नऊ महिन्यांचं. पण दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये, जी येते ती एलटीएस. तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात, प्रो वर्गणी घेतली तर दहा. कंपन्यांचे सर्व्हर, कॉलेजच्या लॅब, क्लाउडवरची यंत्रं, हे सगळं एलटीएसवर चालतं. नऊ महिन्यांची आवृत्ती म्हणजे नेट प्रॅक्टिस, एलटीएस म्हणजे मॅच.

आता मी हा विषय का घेतला? आमची टीम चार जणांची. आमच्याकडचे बरेचसे सर्व्हर २२.०४ वर आहेत आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२७ मध्ये संपतोय. म्हणजे याच वर्षी ठरवायचंय : २४.०४ वर जायचं आणि २०२९ मध्ये पुन्हा हेच करायचं, की थेट २६.०४ नव्याने बसवून २०३१ पर्यंत निवांत व्हायचं? वर्षभरापूर्वी मी डोळे झाकून दुसरा पर्याय सांगितला असता. आज सांगत नाही. कारण २६.०४ मध्ये जे बदलतंय ते जमिनीखालचं आहे.

काय बदलतंय? मुख्य दोन गोष्टी. एक म्हणजे कोअरयुटिल्स. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम, डेट, सॉर्ट अशा शंभरावर छोट्या छोट्या कमांड. टर्मिनल उघडलं की पहिल्यांदा ज्या आपण शिकतो त्या. आजवर या ग्नू प्रकल्पाच्या होत्या, सी भाषेत लिहिलेल्या. दुसरी म्हणजे सुडो, साध्या वापरकर्त्याला तात्पुरते रूटचे अधिकार देणारा प्रोग्रॅम. या दोन्हींच्या जागी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेले पर्याय आले आहेत, 'यूयुटिल्स' आणि 'सुडो-आरएस'. कॅनॉनिकलचे जॉन सीगर यांनी मार्च २०२५ मध्ये ही योजना जाहीर केली, २५.१० मध्ये ती प्रत्यक्षात आली, आणि आता एलटीएसची पाळी आहे.

आमच्या टीममध्ये एक सीनिअर आहेत. त्यांचं एकच वाक्य : "चालतंय ना? मग हात कशाला लावता?" मंडळी, हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. पण आधी दुसरी बाजू मांडतो, कारण ती तितकीच भक्कम आहे.

जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी सुडोमधली एक चूक उघड केली. तिला 'बॅरन समेडिट' असं नाव पडलं. मेमरीच्या ठरलेल्या हद्दीबाहेर लिहिलं जात होतं, आणि त्याचा फायदा घेऊन यंत्रावरचा कुठलाही साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. सुडो वापरायची परवानगी नसलेलासुद्धा! ही चूक कोडमध्ये शिरली २०११ मध्ये. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं जगभरच्या सर्व्हरवर ती 'चालत' होती. चालतंय ना? हो, चालत होतं. चोरालाही चाललं असतं.

रस्टचा दावा इथेच आहे. सी मध्ये मेमरीची काळजी माणसाने घ्यायची. रस्टमध्ये कंपायलर घेतो, आणि नियम मोडला तर प्रोग्रॅम बनूच देत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की ते दरवर्षी ज्या सुरक्षात्रुटी दुरुस्त करतात त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतून आलेल्या असतात. एवढा मोठा वर्ग एका फटक्यात बंद होत असेल तर कुणाला नको आहे?

आणखी एक मुद्दा माणसांचा आहे. मूळ सुडोची देखभाल टॉड मिलर नावाचे गृहस्थ तीस वर्षांहून जास्त काळ करत आहेत. या कामासाठी प्रायोजक हवा आहे असं त्यांनी स्वतःच्या साइटवर लिहून ठेवलंय. सगळं जग ज्याच्यावर उभं आहे तो खांब एका माणसाच्या खांद्यावर. नवीन लोक यावेत, नव्या पिढीला ज्या भाषेत काम करावंसं वाटतं त्या भाषेत कोड असावा, हे म्हणणं मला पटतं.

आता सीनिअरांची बाजू. जून २०२५ च्या अखेरीस सुडोमध्ये आणखी एक गंभीर चूक जाहीर झाली. तिच्यातूनही साधा वापरकर्ता रूट होत होता. पण यावेळी मेमरीचा काही संबंध नव्हता. चूक तर्कातली होती : 'सीएचरूट' हा पर्याय दिला की सुडो चुकीच्या जागची फाइल विश्वासाने वाचत होता. अशी चूक रस्टमध्येही अगदी सुरेख, नियमात बसवून लिहिता येते. कंपायलर काही बोलणार नाही. कुलूप मजबूत आहे हे कंपायलर सांगतो, किल्ली कुणाच्या हातात दिली ते नाही.

परवान्याचाही वाद आहे. ग्नूची साधनं जीपीएलखाली आहेत : बदल करून पुढे वाटलंत तर बदललेला कोडही द्या. यूयुटिल्स एमआयटी परवान्याखाली आहे, त्यात ही अट नाही. टीकाकार म्हणतात, चाळीस वर्षांच्या चळवळीचा पाया हळूच बदलला जातोय. मला ही चिंता खरी वाटते. पण २३ एप्रिलनंतर माझ्या सर्व्हरवर काय होईल हे परवाना ठरवणार नाही. ते ठरवणारी गोष्ट गेल्या ऑक्टोबरमध्ये दिसली.

२५.१० आलं आणि काही दिवसांत लक्षात आलं की डेट कमांडचा 'आर' पर्याय काम करत नाहीये. हा पर्याय काय करतो? फाइलचं नाव दिलं की ती शेवटची कधी बदलली ते सांगतो. नव्या डेटने हा पर्याय स्वीकारला, एररही दिली नाही, आणि उत्तर म्हणून आत्ताची वेळ दिली. उबुंटूची अपडेट आपोआप तपासणारी यंत्रणाच या उत्तरावर अवलंबून होती. परिणामी काही यंत्रांवर आपोआप होणारी तपासणी बंद पडली. ज्या बदलाचा हेतू सुरक्षा, त्यानेच सुरक्षा अपडेट थांबवले! दुरुस्ती लगेच आली, हाताने अपडेट करणंही चालू होतं, पण मुद्दा नीट बघा. कमांड बंद पडली नाही. ती खोटं बोलली.

आमच्याकडे बॅकअपची एक स्क्रिप्ट आहे. तुमच्याकडेही अशीच असेल. शेवटच्या बॅकअप फाइलची वेळ बघायची, ती चोवीस तासांपेक्षा जुनी असेल तर मेल पाठवायचा. आता समजा डेट दर वेळी आत्ताचीच वेळ सांगतेय. मग बॅकअप कायम ताजा. दोन महिने बॅकअप झालाच नाही तरी मेल येणार नाही. आणि ज्या दिवशी डिस्क जाईल त्या दिवशी कळेल. एररने एक रात्र जाते. खोट्या उत्तराने डेटा जातो.

म्हणून माझं म्हणणं असं की रस्ट की सी ही भांडणाची जागाच चुकीची आहे. खरा प्रश्न हा की जुन्या कमांडचं वागणं नेमकं लिहिलंय कुठे? मॅन्युअलमध्ये थोडं. टेस्टमध्ये थोडं. यूयुटिल्सचे लोक ग्नूच्याच टेस्ट आपल्या कोडवर चालवतात, आणि २५.१० आलं तेव्हा त्या सगळ्या पास होत नव्हत्या. पण सगळ्या पास झाल्या तरी टेस्ट तेवढंच सांगते जेवढं कुणीतरी तिला विचारलेलं असतं. उरलेलं सगळं वागणं लिहिलंय तुमच्या-माझ्या स्क्रिप्टमध्ये. कुणीतरी २०१४ मध्ये लिहून गेलेल्या, कुणीच उघडून न बघितलेल्या ओळींमध्ये. लंडनमधल्या इंजिनिअरला त्या ओळी दिसत नाहीत. त्या आपल्यालाच दिसतात.

याचं अगदी आपलं उदाहरण देतो. मराठी वर्णमालेत ळ कुठे येतो? ह च्या नंतर. पण युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. त्यामुळे नुसत्या बाइटच्या क्रमाने यादी लावली तर 'काळे' आधी आणि 'कासार' नंतर येतात. शाळेच्या हजेरीपटात मात्र कासार आधी, काळे नंतर. भाषेनुसार क्रम लावायची ही सोय यूयुटिल्सच्या सॉर्टमध्ये सुरुवातीला नव्हती, नंतर त्यावर काम सुरू झालं. आता ते मराठीसाठी बरोबर झालंय का, हे कोण तपासणार? ज्याला काळे आणि कासार यांचा क्रम माहीत आहे तोच ना?

मग २६.०४ चं काय करायचं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. बदलाची दिशा बरोबर आहे. घाई मात्र खटकते. २५.१० आणि एलटीएस यांच्यामध्ये फक्त सहा महिने आहेत. नेट प्रॅक्टिस एकच झाली आणि थेट मॅच. ज्या कमांडची खात्री नाही त्या या एलटीएसमध्ये ग्नूच्याच ठेवाव्यात, त्यात कमीपणा काही नाही. उबुंटूची पहिली एलटीएस आठवा : २००६ च्या एप्रिलमध्ये यायची होती, नीट पॉलिश व्हावी म्हणून पुढे ढकलली आणि १ जूनला आली. म्हणून तर ती ६.०४ नाही, ६.०६ आहे. त्या उशिराबद्दल आज कुणी नावं ठेवत नाही.

आणि आपण काय करायचं? चार गोष्टी.

एक : २३ एप्रिलला कामाचे सर्व्हर अपग्रेड करू नका. उबुंटूही २४.०४ वाल्यांना आपणहून अपग्रेड सुचवतं ते २६.०४.१ आल्यावर, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये. २२.०४ वरून तर थेट उडी नाहीच, २४.०४ मार्गे जावं लागतं किंवा नव्याने बसवावं लागतं.

दोन : मार्चच्या शेवटी बीटा येईल. एका व्हर्च्युअल मशीनवर बसवा. आपल्या स्क्रिप्ट जुन्या आणि नव्या यंत्रावर एकाच डेटावर चालवा आणि निकाल शेजारी-शेजारी ठेवून बघा. एरर आली का, एवढंच बघून थांबू नका. उत्तर तेच आलं का ते बघा.

तीन : जी स्क्रिप्ट फक्त संकट आल्यावर बोलते, तिला अधूनमधून मुद्दाम संकट दाखवा. बॅकअपची तपासणी असेल तर तीन दिवस जुनी फाइल समोर ठेवा आणि मेल येतो का बघा. हे तर उबुंटू न बदलताही करायला हवं. आमच्या टीममध्ये हे काम मी या महिन्यात माझ्याकडे घेतलंय.

चार : फरक सापडला तर बग नोंदवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. कमांड, अपेक्षित उत्तर, मिळालेलं उत्तर, एवढ्या तीन ओळी पुरतात. सोशल मीडियावर 'रस्टवाले असे' नि 'सीवाले तसे' लिहिण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्याही वेळात हे होतं.

आमच्या सीनिअरांना मी परवा म्हटलं, "सर, चालतंय हे खरं, पण ते कशावर चालतंय याची यादी आपल्याकडे कुठे आहे?" ते म्हणाले, "कर तू यादी. मग बघू." म्हणजे मंडळी, २०२७ ची मुदत, दोन पर्याय आणि एक रिकामी फाइल अशी सध्या आमची स्थिती आहे. यादी झाली की काय ठरलं ते सांगेनच. तुमच्या ऑफिसात किंवा कॉलेजात काय ठरतंय, आणि विशेषतः मराठी याद्यांचा क्रम नव्या सॉर्टमध्ये कसा लागतोय, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत बॅकअप घेत राहा, आणि घेतलेला बॅकअप एकदा उघडूनही बघा.