मुक्या सोबत्याचे सुतक



चालकांचे निमंत्रण आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही माथाडी कायद्यावर किंवा बाजार समितीतल्या हमालीच्या दरांवर बोलावे. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलो नाही, तेव्हा त्यांची चूक नव्हे. आम्ही विषय कळवला, तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून दोनदा खात्री करून घेतली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांची ही प्रथा पाडली, तेव्हा त्यांच्या मनात कुत्र्यावरचे व्याख्यान खचितच नसावे. पण आज आम्ही एका कुत्र्याविषयी बोलणार आहोत, आणि तो गेल्यावर आम्ही जे रान पाहिले त्याविषयी. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे झाले ते वाचनालयात आणि संपाच्या मंडपात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

२००९ साली खामगावात एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर आमचे धरणे चालू होते. तिसऱ्या रात्री एक पिल्लू आले आणि पत्रकांच्या पिशवीत शिरून निजले. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला, तसे ते बाहेर आले, मान वर केली आणि भोंग्याच्या सुरात सूर मिळवून रडू लागले. धरण्यावरची मंडळी दोन दिवसांची उपाशी, तरी पोट धरून हसली. त्याचे नाव तिथेच पडले : भोंग्या. धरणे सुटले, मागण्यांतली निम्मी पदरात पडली, आणि भोंग्या आमच्या मागे घरी आला. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. मंडळी म्हणाल्या, "अहो, माणसांचं भागत नाही इथं." पण संध्याकाळी भाकरीचा पहिला तुकडा त्यांनीच त्याच्यापुढे टाकला.

पुढची तेरा वर्षे रोज पहाटे पाच वाजता तो आम्हाला उठवी आणि आम्ही खामगाव-जलंब रुळांच्या कडेने चालायला जात असू. हा तेरा किलोमीटरांचा फाटा १८७० साली झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला जावा एवढ्यासाठी इंग्रजांनी तो टाकला. आमच्या आजोबांनी त्या कापसाच्या गाठी वाहिल्या. आम्ही त्या रुळांकडे नेहमी इतिहास म्हणून पाहिले. भोंग्या त्यांच्याकडे वास म्हणून पाही. दर दहा पावलांवर तो थांबे, एखाद्या दगडाचा पाच मिनिटे अभ्यास करी, आणि आम्ही दोरीला हिसका देऊन म्हणू, "चल रे, कामे आहेत." ते हिसके आता आम्हाला आठवतात.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा होता. मंडळींचा फोन आला, तो दोन दिवस खात नाही. आम्ही म्हटले, "परवा येतोच आहोत." मोर्चा झाला, निवेदन दिले, कुणी मंत्री पाच मिनिटे भेटले. आम्ही घरी पोचलो त्या दिवशी पहाटे, नेमके पाचच्या सुमारास, भोंग्या गेला होता. मंडळींनी त्याच्यावर आमची जुनी शाल घातली होती.

आता प्रश्न असा की, त्याला न्यावे कुठे ? भाड्याच्या घराला अंगण नसते. शेजारचे एक गृहस्थ सहज म्हणाले, "नगरपालिकेची गाडी येईल नऊला, तिच्यात टाका." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, गरिबाच्या कुत्र्याचे तेच होते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी कथा आहे. राजाच्या कुत्र्याला नदीकाठी समाधी आणि आमच्या कुत्र्याला घंटागाडी. तेवढ्या दुःखातही आम्हाला वर्गभेद दिसला, ही सवयच म्हणायची !

तेव्हा दारात एक हमाल उभा राहिला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. तो म्हणाला, "भाऊ, माह्या वावरात जागा हाये. आना तिकडं."

या माणसाविषयी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना आम्हाला मान खाली घालावी लागते. २०११ साली त्याचा बैल गेला होता. जोडीतला एक आधीच विकलेला, हा उरलेला एकटा. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. मुकादमाने दोन दिवसांची मजुरी कापली. तो आमच्याकडे दाद मागायला आला. संघटनेच्या कचेरीत दहापंधरा माणसे बसलेली. आम्ही म्हटले, "अरे, संघटना माणसांची आहे, ढोरांची नव्हे." सगळे हसले, तोही कसनुसा हसला आणि गेला. भाषणात टाळ्या घेण्याची ज्यांना खोड असते त्यांच्या तोंडून अशी वाक्ये निघतात.

त्याचे वावर बुलढाण्याच्या रस्त्याला, घाट लागण्यापूर्वी. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे, साधारण दोनशे चौरस किलोमीटरांचे. त्याचीच हिरवी कड त्या वावरापर्यंत उतरते. बांधावर एक पळस होता. आम्ही दोघांनी खणायला सुरुवात केली. थोड्या वेळाने आम्ही विचारले, "तुला ते आठवते का रे, बैलाचे ?" त्याने कुदळ थांबवली नाही. म्हणाला, "याद हाये. खोल खांदा भाऊ, कोल्हे उकरतात."

कमरेइतके खणले. वर मीठ, मग माती, मग दगड, आणि दगडांवर बोरीच्या काट्या. त्याचा बैलही त्याच बांधाला, थोडा पलीकडे होता.

पुढचे काही महिने आम्हाला चमत्कारिक गेले. पहाटे पाचला जाग येई आणि पायांना काही काम नसे. कुणाला सांगायची सोय नव्हती. घरात माणूस गेले तर दहा दिवस लोक येतात, पिठले-भाकरी आणतात, आणि मालकालासुद्धा चार दिवस बोलता येत नाही. कुत्र्याचे सुतक कोण पाळणार ? एक सहकारी म्हणाले, "दुसरे आणा की." पुढे आम्हाला वाचनात कळले की, केनेथ डोका नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८९ साली अशा दुःखावर एक ग्रंथ काढला आहे. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही ते दुःख, असा त्याचा विषय. मान्यता हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला. १९७१ साली महाराष्ट्रात कामगार संघटनांच्या मान्यतेचा कायदा झाला, आणि मान्यता नसलेल्या संघटनेचे काय हाल होतात हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ती अस्तित्वात असते, सभासद असतात, गाऱ्हाणे खरे असते, पण मालक टेबलावर बसू देत नाही. दुःखाचेही असे असू शकते, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

आम्ही दर रविवारी त्या बांधावर जाऊ लागलो. पहिल्यांदा रानाने आमचे सांत्वन केले असे जर कुणी म्हणेल तर ते खोटे. फाल्गुनात गेलो तर पळस फुलला होता. अंगावर एक पान नाही आणि सगळे झाड पेटल्यासारखे. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची त्यावर नुसती भांडणे चाललेली. आम्हाला राग आला. खाली आमचा भोंग्या, आणि वर हा बाजार ! रानाला आपल्या दुःखाची दखल नसते. निवेदन द्यावे तर घेणारा कुणी नाही.

पण बांधावर बसल्यावर करणार काय ? बघावेच लागते. एखादा पक्षी दिसला, नाव माहीत नाही. मग वाचनालयात मारुती चितमपल्ल्यांचा पक्षिकोश काढायचा, नाव शोधायचे, आणि पुढच्या रविवारी त्याला त्या नावाने ओळखायचे. चितमपल्ली हे वनखात्यातले अधिकारी, आयुष्य विदर्भाच्या जंगलांत काढलेले, २०२५ साली वारले. त्यांच्या कोशाने आम्हाला वेडा राघू आणि भारद्वाज असे एकेक ओळखीचे करून दिले. हळूहळू रुळांकडेची पहाटही पुन्हा सुरू झाली. एकटेच जातो. मात्र दर दहा पावलांवर थांबतो, कारण थांबल्याशिवाय काही दिसत नाही. तेरा वर्षे जो हे शिकवत होता त्याला आम्ही हिसके देत होतो.

चळवळीतल्या काही मित्रांना हे सगळे पळपुटेपणाचे वाटते. त्यांना आम्ही रोझा लुक्सेंबुर्ग यांचे उदाहरण सांगतो. जर्मन कामगार चळवळीतली ही जहाल बाई, पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात पडली. तिची मिमी नावाची एक लाडकी मांजर होती. तुरुंगात जाताना ती मैत्रिणीकडे सोडावी लागली, आणि बाई आत असतानाच मिमी गेली. या बाईने तुरुंगाच्या अंगणात काय केले ? काळ्या डोक्याच्या, पांढऱ्या गालांच्या एका चिमण्या पक्ष्याची साद इतकी हुबेहूब उचलली की तो हाकेला येई. मैत्रिणीला लिहिले की, माझ्या थडग्यावर त्या पक्ष्याची दोन अक्षरी साद तेवढी कोरा. १९१३ पासून ती वनस्पती वाळवून वह्यांत चिकटवत होती, ते काम तुरुंगातही चालू ठेवले. ब्रेस्लाउच्या तुरुंगात, १९१७ च्या डिसेंबरात, लष्कराच्या गाडीला जुंपलेल्या रुमानियातल्या एका रेड्याला शिपायाने रक्त निघेतो मारलेले तिने पाहिले आणि त्यावर लिहिलेले पत्र आजही वाचवत नाही. जानेवारी १९१९ मध्ये तिचा खून झाला. या बाईला कुणी पळपुटी म्हणून दाखवावे !

आपल्याकडे साने गुरुजींचे पाहा. अमळनेरच्या गिरणी कामगारांत काम केलेला हा माणूस. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, आणि तिच्यात एक संपूर्ण प्रकरण मोरी गाईला दिले. आम्ही ते लहानपणी वाचून रडलो होतो. मोठे झाल्यावर कुठे हरवले, कोण जाणे.

रडण्याचे निघाले म्हणून सांगतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या संघटनेचे चार सभासद गेले. चौघेही पाठीवर पोती वाहणारे, चाळिशीच्या आतबाहेरचे. आम्ही खाटांसाठी धावलो, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी हातापाया पडलो, नंतर विधवांचे अर्ज भरले. डोळ्यांतून टिपूस आले नाही, वेळच नव्हता. २०२३ च्या जूनमध्ये एका रविवारी आम्ही बांधावर असताना पहिला पाऊस आला. आम्ही धावड्याखाली उभे राहिलो. तापलेल्या मातीचा वास उठला, भोंग्याच्या दगडांवरून लाल पाणी वाहू लागले, आणि आम्हाला एकाएकी रडू फुटले. भोंग्यासाठी म्हणून सुरू झाले, पण पाहतो तो एकेक करून ते चौघेही त्यात आले, नावानिशी. पाऊस थांबेपर्यंत आम्ही रडत होतो. हमाल लांब आपल्या छपरात बसून होता, तो जवळ आला नाही. नंतर चहा मात्र दोन कप केला.

इथे एक पथ्य पाळले पाहिजे. रविवारी येऊन झाडाखाली बसणाऱ्याला रान निराळे दिसते आणि तिथे राबणाऱ्याला निराळे. आमच्या या मित्राची तूर रोही खातात, भुईमूग रानडुकरे उकरतात. पंपाची वीज रात्रीची, म्हणून पाणी द्यायला रात्री जायचे, आणि वरच्या जंगलात अस्वले आहेत, बिबटे आहेत. २०१९ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ या ज्ञानगंगेत येऊन राहिला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळले की, त्याने विदर्भ, मराठवाडा, तेलंगण तुडवत सर्व मिळून तीन हजारांहून अधिक किलोमीटर चाल केली. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले, आम्हीही केले. आमचा मित्र त्या हिवाळ्यात कंदील आणि थाळी घेऊन पाण्याच्या पाळीला जात होता. तो म्हणे, "एवढं चालला बिचारा, एकटाच." थाळी वाजवीत तो हे म्हणत होता, हे विशेष.

पहिल्या पावसाळ्यानंतर दगड खचले आणि त्यांवर गवत माजले. दुसऱ्या वर्षी भोंग्याची जागा नेमकी कोणती हे पळसाच्या खुणेवरून ठरवावे लागले. आधी जीव कासावीस झाला. मित्राने बैलाच्या जागेकडे हात केला. तिथे तर काहीच खूण नव्हती, तुरीची ओळ सरळ वरून गेली होती. "तेथची तूर जरा जोरात येते," एवढेच तो म्हणाला.

त्या बांधावर बसूनच आम्ही गेल्या करारात एक कलम लिहिले : घरचे जनावर दगावल्यास कामगाराची एक दिवसाची गैरहजेरी बिनपगारी धरू नये. मित्राला वाचून दाखवले, त्याने दोनदा वाचायला लावले. वाटाघाटीत मालकपक्षाने ते मोठ्याने वाचले, सगळे हसले, आणि लाल शाईने खोडले. आमच्याच बाजूचेही दोघे हसले. आम्हाला २०११ ची कचेरी आठवली. करार येत्या दिवाळीला संपतो. नव्या मसुद्यात ते कलम आम्ही पुन्हा घातले आहे, या खेपेला पहिल्या पानावर.