नावानिशी आभार

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचे गाव तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. आई-वडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापतानाच चिरायची आणि गार झाली की चावता चावायची नाही.

आमचे घर ख्रिस्ती. जेवणाआधी प्रार्थना झाल्याशिवाय घास तोंडात जात नसे. आई डोळे मिटून त्या भाकरीबद्दल देवाचे आभार मानी. एका रात्री वडिलांचा संयम सुटला. हाताचे फोड दाखवीत ते म्हणाले, "दगड आपण फोडायचे, आणि आभार कशाचे? या दुष्काळाचे?"

आई शांतपणे म्हणाली, "दुष्काळाचे आभार कुठं मानते मी? आज भाकर घरात आली, तिचे मानते."

पुढे बायबल समजून वाचू लागलो, तेव्हा तिचे म्हणणे ध्यानात आले. संत पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात उपकारस्तुती करायला सांगितले आहे. ती सर्व परिस्थितीत करायची आहे; वाईट परिस्थितीलाच चांगली म्हणा, असे तो तिथे सांगत नाही. या दोहोंत फार अंतर आहे. कृतज्ञता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. मुकादमाने खडीच्या मोजणीत कमी धरली, तेव्हा भांडायला हीच माझी आई सर्वांच्या पुढे होती.

तिच्या प्रार्थनेची आणखी एक रीत होती. ती आभार मानी ते नावानिशी. उधारीवर दळण दळून देणारा गिरणीवाला, आपल्या विहिरीवर दोन हंडे भरू देणारे मळ्यातले आजोबा, आजारपणात तिच्या वाटची खडी फोडणारी शेजारीण, सगळ्यांची नावे येत. आम्हा मुलांना भूक लागलेली असे. ही यादी कधी संपते, असे होऊन जाई.

मोठा झालो, नोकरी लागली, घरात गव्हाची पोळी रोजची झाली. प्रार्थना चालूच राहिली. पण ती पाठ झालेली. आमटी निवायच्या आत आटोपणारी. नावे केव्हा गळाली, ते कळलेही नाही.

२००६ साली आई शेवटच्या दुखण्याने रुग्णालयात होती. अन्न जात नव्हते. चमच्याने दोन घोट पाणी दिले, तरी ती हात जोडू पाहायची. एके दिवशी वॉर्ड पुसून गेलेल्या मावशींकडे पाहत तिने मला विचारले, "त्यांचं नाव काय रे?"

मला सांगता येईना. नऊ दिवस त्या बाई आईची चादर बदलत होत्या, भांडे उचलत होत्या. मी त्यांना 'मावशी' म्हणत होतो, पण नाव विचारले नव्हते. मी उठून बाहेर गेलो, नाव विचारून आलो. रात्री आईने ते नाव प्रार्थनेत घेतले. चौथ्या दिवशी आई गेली.

लूककृत शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मला तेव्हापासून वेगळी दिसू लागली. येशूने त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. वाटेत दहाही जण बरे झाले. एक जण तेवढा माघारी आला आणि येशूच्या पाया पडला. तो होता परका मानला जाणारा शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले. ते नऊ काही वाईट नव्हते. सांगितले तसेच ते करीत होते. फक्त मागे वळायचे राहून गेले. मीही त्या नवांपैकीच होतो.

देव देतो, हे म्हणणे सोपे आहे. पण ते देणे आपल्यापर्यंत कुणाच्या तरी हाताने येते. तो हात ओळखला नाही, तर देवाचे आभारही वरवरचेच राहतात.

आता जेवणाआधी मी रोज एक तरी नाव घेतो. भाजीवाली, दूधवाला, जिना झाडणारा. नाव ठाऊक नसेल, तर दुसऱ्या दिवशी विचारतो. विचारले की माणसे क्षणभर चकित होतात, मग हसतात. तुमचा धर्म कोणताही असो, आज ताटावर बसाल तेव्हा एवढे करून पाहा. ती भाकरी कुणाकुणाच्या हातून आली, ते आठवा. त्यातले एक नाव माहीत नसेल, तर उद्या जाऊन विचारा.