औषध दवाखान्यात, आरोग्य सभेत
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं आपली सोसायटी टिकली, भांडली आणि तरीही आज एका पंगतीला बसणार आहे, याबद्दल सर्वांचं अभिनंदन. कमिटीने मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी काही डॉक्टर नाही. साखर किती खावी, रोज किती पावलं चालावं हे सांगणारे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे पाचपासून हजर असतात. त्यांच्या कामात मी ढवळाढवळ करणार नाही. माझी नोकरी बँकेत झाली, तेव्हा मी हिशेबाच्या अंगानेच बोलणार. माझं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस आजारी पडला की औषध दवाखान्यात मिळतं. पण तो आजारी पडणार की नाही, हे पुष्कळदा कुठल्या तरी सभेत आधीच ठरलेलं असतं. ती सभा विधिमंडळाची असेल, महापालिकेची असेल, ग्रामसभा असेल, नाहीतर आपली वार्षिक सर्वसाधारण सभा असेल.

आधी एक जुना ताळेबंद सांगतो. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे किती मुलं पहिल्या वर्षातच दगावली, याचे आकडे कुटुंबाच्या खोल्यांप्रमाणे मांडलेले आहेत. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात १३३, तीन खोल्यांच्या घरात १९१, दोन खोल्यांच्या घरात ३२२ आणि एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांच्या घरात ८२८. हजारात आठशे अठ्ठावीस!

बँकेतल्या माणसापुढे असा आकडा आला की तो आधी नोंद तपासतो. तशी तपासली तर ८२८ हा आकडा फुगलेला आहे. गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात. जन्माची नोंद गावाकडे व्हायची आणि मूल मुंबईत आल्यावर दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. ठीक आहे, तो आकडा बाजूला ठेवू. बाकीच्या तीन आकड्यांची उतरंड बघा. एकेक खोली कमी झाली की मरणारी मुलं वाढत गेली. आता मला सांगा, त्या बाळांनी कुठलं पथ्य मोडलं होतं? कोणी मॉर्निंग वॉक चुकवला होता? शहर तेच, समुद्राची हवा तीच. फरक होता तो घराचा, आणि घरामागच्या मिळकतीचा.

ही घरं तशी का होती? गिरण्यांना माणसं हवी होती, पण त्यांच्या राहण्याची जबाबदारी कोणाच्याच खात्यावर नव्हती. मग १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. कोविडच्या वेळी आपल्याला घरात बसवलं, त्यात हाच कायदा वापरला होता. प्लेगच्या वेळी सरकारने घरं तपासली, माणसं बळाने हलवली. लोकांचा विश्वास नव्हता, त्यामुळे लोक रोगी लपवू लागले, शहर सोडून पळू लागले आणि रोग त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. त्याच साथीत पुण्याला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. म्हणजे धोरण नुसतं कडक असून भागत नाही. ज्यांच्यासाठी ते आहे, त्यांचा त्यावर भरवसा लागतो.

पुढे १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या वसवल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर चक्क व्याख्यान दिलं. दोन इमारतींत किती अंतर असावं, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसालाही आभाळ दिसेल, हा त्यांचा ध्यास होता. पण या ट्रस्टच्या खात्याला नावे बाजूही मोठी आहे. गरिबांच्या चाळी पाडल्या, तेवढ्या प्रमाणात नव्या खोल्या बांधल्या गेल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत जाऊन आणखी दाटीने राहू लागली.

हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं असं कोणी म्हणेल. तर आता गोवंडीला या. तिथल्या पुनर्वसनाच्या तीन वसाहतींची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये बाहेर आले. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दोन वसाहतींत क्षयरोग फार आढळला. पीएमजी कॉलनीत त्या मानाने फारच कमी. माणसं सारख्याच परिस्थितीतली. पण पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमध्ये अवघं तीन मीटरच्या आसपास अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. झोपडीतून पक्क्या घरात गेले म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, पण नकाशा मंजूर करतानाच क्षयाची सोय करून ठेवली होती.

क्षयाचंच अजून एक सांगतो. हा रोग जंतूने होतो हे शाळेतलं पोरही सांगेल. पण जंतू अंगात असलेले सगळेच आजारी पडत नाहीत. उपाशी, अशक्त माणूस आधी पडतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या लोकांना काही महिने जादा धान्य आणि डाळ देऊन बघितली. २०२३ मध्ये त्याचे निकाल आले. ज्या घरांत शिधा दिला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ-डाळीने लसीसारखं काम केलं! आपलं सरकारही क्षयरुग्णाला आहारासाठी महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले. हा खर्च नाही, ही गुंतवणूक आहे.

आता पाण्याकडे वळतो, कारण विचुंब्यात राहणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल बोलल्याशिवाय भाषण केल्यासारखं वाटत नाही. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचं नळाचं पाणी आलं. शहर खूश झालं. पण आलेलं पाणी बाहेर काढणारी गटारं मागेच राहिली, आणि शहराच्या सखल भागात ओल आणि घाण साचून राहिली. पाणी आणण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात पास होतो. सांडपाणी नेण्याचा ठराव ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणून तहकूब होतो. आपल्याकडेही आधी इमारती आल्या, मग टँकर आले, मग नळ आला आणि ड्रेनेजचं नाव सर्वांत शेवटी. सेप्टिक टँक उपसायला गाडी बोलावली की आपण खिडक्या लावून घेतो. ती गाडी तो माल पुढे कुठे ओतते, हे विचारत नाही. आपली गाढी नदी मात्र ते सांगू शकेल.

याला कारणही आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, देशातल्या जुन्यांपैकी. नवीन पनवेल सिडकोने आखून वसवलं. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली. आपण मात्र ग्रामपंचायतीत, आणि २०१३ पासून नियोजनाला सिडकोचं नैना क्षेत्र. लोकवस्ती शहराची आणि यंत्रणा गावाची. डासाला काही हद्द कळत नाही. तो इकडे जन्मतो आणि तिकडे चावतो. म्हणून ग्रामसभेला आपल्या सोसायटीतून दोन-तीनच डोकी जातात, हे मला आरोग्याचं दुखणं वाटतं. फ्लॅटमध्ये राहिलो म्हणून आपण गावकरी राहिलो नाही, असं नाही.

डासावरून आठवलं. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला. तो डास निघाला कुठे? दलदलीत नव्हे, तर घरोघरच्या विहिरींच्या स्वच्छ पाण्यात. मग विहिरी बुजवा, नाहीतर झाका, असा आग्रह सुरू झाला. लोकांनी विरोध केला, काहींनी धर्माची कारणंही सांगितली. आज विहिरी गेल्या, पण त्या डासाला आपण गच्चीवरच्या टाक्या दिल्या. डेंग्यूचा डासही साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. एका टाकीचं झाकण तुटलं तर शिक्षा फक्त त्या विंगला होत नाही. तिथे प्रत्येकाने आपापली काळजी घ्यावी हा उपदेश कामाचा नाही. झाकण सामाईक, तर जबाबदारीही सामाईक.

आणखी एक गोष्ट बँकवाल्यांना पटेल. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरांची पाहणी झाली. सगळे पगारदार, कोणी उपाशी नाही. तरी शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत एकेक पायरी वर गेलं की मृत्यूचं प्रमाण कमी कमी होत गेलेलं दिसलं. सिगारेट वगैरे हिशेबात धरूनही फरक उरलाच. कामावर ज्याचं काहीच चालत नाही, ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्या शरीरावरही त्याचा परिणाम होतो, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. मायकेल मार्मट यांनी यातच आयुष्य घालवलं आणि २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली निघाला.

इतकं दूर जाऊन आता मी आपल्याच गेटवर येतो. या भाषणासाठी मी सोसायटीची जुनी इतिवृत्तं चाळली. पार्किंगवर ठराव भरपूर आहेत. गळतीवर आहेत, कुत्र्यांवर आहेत, गणपतीच्या वर्गणीवर आहेत. आपला वॉचमन जिथे झोपतो, त्या पंपाशेजारच्या खोलीवर एकही नाही. त्या खोलीला खिडकी नाही. गोवंडीचा जो नकाशा मी तुम्हाला सांगितला, त्याची छोटी प्रत आपल्या तळमजल्यावर आहे. तसंच, रोज सकाळी आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका चार-पाच घरांची भांडी-फरशी करतात. त्यांच्यासाठी खाली शौचालय नाही. त्या काय करतात? पाणीच कमी पितात. त्याने मूत्रमार्गाचे आजार होतात. मग त्या खाडे करतात आणि आपण म्हणतो, ‘हल्ली बाई फार दांड्या मारते.’

दुसरं, पुनर्विकासाची कुजबूज सुरू झाली आहे. बिल्डर किती चौरस फूट जास्त देणार, कॉर्पस किती, भाडं किती, एवढंच मी जिन्यात ऐकतो. दोन इमारतींमध्ये अंतर किती राहणार, पहिल्या मजल्यावर ऊन किती तास येणार, मुलांना पळायला मोकळी जमीन उरणार का, हे विचारताना मी कोणाला ऐकलं नाही. चौरस फूट वाढले आणि उजेड गेला, तर तो व्यवहार तोट्याचा. तो तोटा कुठल्याच कागदावर येणार नाही, तो नातवंडांच्या छातीत जमा होईल.

म्हणून अध्यक्ष महोदय, माझ्या तीन सूचना आहेत. एक, वॉचमनच्या खोलीला खिडकी, तळमजल्यावर कामगारांसाठी शौचालय, आणि सफाई कामगार व वॉचमनला आजारपणाची पगारी रजा. माझ्या हिशेबाने दर फ्लॅटमागे याचा बोजा एका हॉटेलच्या जेवणाहून मोठा होणार नाही. दोन, सर्व टाक्यांना घट्ट झाकणं, आठवड्याला एक तपासणी आणि तिची सहीनिशी नोंद. तीन, पुनर्विकासाची चर्चा होईल तेव्हा अंतर, ऊन आणि मोकळी जागा या अटी आपल्या मागण्यांच्या कागदावर पहिल्या ओळीत असाव्यात, कार्पेट एरिया त्याच्या खाली.

३० सप्टेंबरच्या आत आपली सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. त्या विषयपत्रिकेवर हे तिन्ही विषय घ्यावेत, आणि कृपा करून पार्किंगच्या आधी घ्यावेत. पार्किंगचा विषय संपेपर्यंत आपल्या सभेत कोरम राहत नाही, हा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.