लंडनच्या दोन पुलांमधली वाट



आपण बायका रोज चालतो. पाण्याला, रानात, बाजाराला, पोरांना शाळेत सोडायला. चालण्यात आपल्याला कुणी हरवायचं नाही. पण डोक्यावर पाटी नाही, घरी कुणी खोळंबलेलं नाही, आणि आपण नुसतं बघायला म्हणून चाललोय, असं वर्षातून किती वेळा होतं? आज आम्ही तुम्हांला अशाच एका चालण्याबद्दल सांगणार आहोत. हे चालणं आहे लंडन शहरातलं. सोबत गाईड नाही, गाडी नाही, आणि बघण्याचं तिकीटही नाही.

आम्ही दोघी विहिणी. एकीची लेक आणि दुसरीचा लेक तिकडं कामाला आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघीही तिथं होतो. एक खाडीकाठची, एक देशावरची. इंग्रजी म्हणाल तर पाटी वाचण्यापुरतं. शहर दाखवणाऱ्या बसगाड्या असतात, पण तिकिटाचे पैसे रुपयांत मोजले की जीव होत नव्हता. शेवटी लेकीनंच एका कागदावर मराठीत वाट लिहून दिली. मुलांना काळजी होतीच, की या दोघी चुकल्या तर काय?

तर चुकायचं कसं नाही, ते आधी सांगतो. तिथं मोठ्या रस्त्यांवर जागोजागी नकाशाचे खांब उभे केलेत. ‘तुम्ही इथं आहात’ अशी खूण असते, आणि भोवती वर्तुळं काढलेली असतात. आतल्या वर्तुळातली ठिकाणं पाच मिनिटांच्या चालीवर, बाहेरच्या वर्तुळातली पंधरा मिनिटांच्या. आणि आपलं तोंड जिकडं असतं, तीच बाजू नकाशात वर असते. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. कुठं बघून रस्ता ओलांडायचा तेही पुष्कळ ठिकाणी रस्त्यावरच पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. सिग्नलच्या खांबावरचं बटण दाबायचं, हिरवा माणूस दिसला की निघायचं. एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

आमची वाट सुरू झाली वेस्टमिन्स्टर स्टेशनापासून. वर आलं की समोरच तो घड्याळाचा उंच मनोरा. सगळे त्याला बिग बेन म्हणतात, पण बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव. मनोऱ्याचं नाव एलिझाबेथ टॉवर, उंची ९६ मीटर. त्याला लागून त्यांची संसद, आणि पलीकडं थेम्स नदी. खाडीकाठच्या विहीणबाईंनी पाणी बघताक्षणी ओळखलं, की ही ओहोटी आहे. खरंच, समुद्र लांब असूनही लंडनमध्ये या नदीचं पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं.

पुलाच्या तोंडाशी एक रथ आहे. रथात राणी उभी, दोन बाजूंना तिच्या दोन मुली. ही बुडिका. इसवी सन ६०च्या सुमाराची गोष्ट. नवऱ्यानं मरताना राज्यातला वाटा मुलींच्या नावे ठेवला होता. रोमन लोकांनी तो मानला नाही, सगळं राज्य घेतलं. राणीला फटके मारले, मुलींची अब्रू घेतली. मग तिनं सैन्य उभं केलं आणि लंडन जाळलं. शेवटी ती हरली. आम्हांला झाशीची राणी आठवली. तिथंही नवरा गेल्यावर दत्तक नामंजूर करून राज्य खालसाच केलं होतं. मात्र ते करणारे याच शहरातून कारभार बघत होते, हेही तिथं उभं राहिल्यावर आठवतं.

तिथून दोन-तीन मिनिटांवर पार्लमेंट चौक. मधे हिरवळ, कडेनं पुतळे. आपले गांधीजी तिथं आहेत, नेल्सन मंडेला आहेत. एकूण पुतळे बारा, आणि त्यांत बाईचा एकच! तोही २०१८ साली बसला. त्याआधी २०१६च्या महिलादिनी कॅरोलिन क्रिआदो पेरेझ नावाच्या लेखिका या चौकातून पळण्याचा व्यायाम करत जात होत्या. इथं सगळे पुरुषच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि दोन वर्षांत पुतळा उभा राहिला. घडवलाही एका बाईनंच.

हा पुतळा मिलिसेंट फॉसेट यांचा. १८६६ साली बायकांना मत द्यायचा हक्क मिळावा म्हणून संसदेत अर्ज गेला. त्यावर जवळजवळ दीड हजार बायकांच्या सह्या होत्या. मिलिसेंट तेव्हा विशीच्याही आत होत्या. त्यांची थोरली बहीण एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टर. बायकांच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या पुढं प्रमुख होत्या, तिथंच आपल्या डॉ. रखमाबाई शिकल्या. बालपणीचं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या त्याच रखमाबाई. परमुलखात घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पुतळ्याच्या चौथऱ्याभोवती आणखी ५९ जणांची नावं आणि चेहरे कोरलेत. आम्ही भोवती फिरून एकेक अक्षर लावत वाचलं. त्यांत सोफिया दुलीपसिंग आहेत, पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांची नात. १९१० साली याच संसदेवर बायकांचा मोर्चा आला, पोलिसांनी त्यांना धक्काबुक्की केली, त्या मोर्चात सोफिया पुढं होत्या. बसनं गेलो असतो तर ही नावं दिसली नसती.

संसदेच्या भिंतीकडेनं पुढं गेलं की नदीकाठी बाग लागते. तिथं एमेलिन पँकहर्स्ट यांचा पुतळा आहे. फॉसेट अर्ज-सभांच्या मार्गानं गेल्या, तर यांच्या बायकांनी काचा फोडल्या, तुरुंगात गेल्या, उपोषणं केली. १९१८ साली तिशीच्या पुढच्या, थोडीफार मालमत्ता असलेल्या बायकांना मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला १९२८ साल उजाडलं. पँकहर्स्टबाई त्याच वर्षी, कायदा पक्का होण्याच्या काही दिवस आधी गेल्या.

आपल्याकडं स्वतंत्र भारतात पहिल्याच निवडणुकीत सगळ्या बायकांना मत होतं. पण यादी करणारा माणूस दारात आला, तेव्हा कित्येकींनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. चौथऱ्यावरची नावं वाचताना हे मनात येत होतं.

बाग संपली की लॅम्बेथ पूल. हा तांबडा आणि वेस्टमिन्स्टरचा हिरवा, कारण संसदेच्या दोन सभागृहांतल्या बैठकांचे रंग तसे आहेत. पूल ओलांडून डावीकडं वळलं की नदीकाठी एक लांब भिंत लागते. तिच्यावर हातानं रंगवलेली लाल बदामं, दोन लाखांहून जास्त. कोरोनात गेलेल्या एकेका माणसासाठी एकेक. ज्यांची माणसं गेली त्यांनीच २०२१ साली ही रंगवली, आणि रंग उडाला की पुन्हा रंगवतात. बदामात नावं लिहिलेली. कुठं ‘आई’, कुठं ‘आजोबा’ एवढंच, इंग्रजीत. आमच्या दोन्ही घरांतलं एकेक माणूस त्या साथीत गेलं. आम्ही काही बोललो नाही, पण ती भिंत चालायला आम्हांला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

भिंतीच्या मागं सेंट थॉमस रुग्णालय. त्याच्या बागेत संसदेकडं तोंड करून मेरी सीकोल उभी आहे, जमैकाची. क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषेला जाण्यासाठी तिनं अर्ज केला, सरकारनं घेतलं नाही, तर ती स्वतःच्या पैशानं गेली. तिचा पुतळा लोकवर्गणीतून २०१६ साली झाला. मग हिरव्या पुलावरून परत स्टेशनाला. सगळं मिळून अडीच किलोमीटरच्या आसपास. आम्ही बसत-उठत, डबा खात अर्धा दिवस घेतला.

कुणाचीही लेकरं तिकडं असतील आणि तुमचं जाणं झालं, तर हे करा. वाट आपल्या भाषेत लिहून घ्या. घरचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. छत्री, पाणी आणि चालून सैल झालेल्या चपला-बूट घ्या. दोघी जा. आणि पुतळा दिसला की खालचं नाव वाचा.

लंडनला जायचं नसलं तरी बचत गटाच्या कामाला जिल्ह्याच्या गावी जातोच आपण. एक तास आधी पोचा आणि चालत फिरा. चौकात कुणाचे पुतळे आहेत, शाळेला, रस्त्याला कुणाचं नाव आहे, त्यांत बायका किती, हे मोजून वहीत लिहा. पुढच्या बैठकीत आपण सगळ्यांचे आकडे एकत्र करू. लेकीनं लिहिलेला तो कागद आम्ही जपून ठेवलाय, तोही घेऊन येऊ.