खात्याचे पहिले पान

श्रोतेहो, दूध संकलनाच्या केंद्रावर नवे खाते उघडले, की लिहिणारा आधी पहिले पान भरतो. दर काय, मागची शिल्लक काय, ते मांडतो. रोजच्या नोंदी त्यानंतर. संगणकाच्या जावा भाषेत असाच क्रम आहे. तिथे ‘दूधखाते’ नावाचा क्लास लिहिला, तर तो झाला खात्याचा नमुना. ‘न्यू’ म्हटले, की त्या नमुन्यावरून एक खाते तयार होते. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. आणि त्याचे पहिले पान भरतो तो कन्स्ट्रक्टर.

खात्याकडून पुढे जी कामे करून घ्यायची, त्या मेथड. आपण काय परत देणार, हे प्रत्येक मेथडच्या नावाआधी लिहावे लागते. हाच रिटर्न टाइप. ‘बिल’ ही मेथड रक्कम परत देते, म्हणून तिच्याआधी ‘डबल’, म्हणजे अपूर्णांक चालणारी संख्या. ‘नोंद’ ही मेथड लिटर मांडून ठेवते, परत काहीच देत नाही. तिच्याआधी ‘व्हॉइड’, म्हणजे रिकाम्या हाताने परत.

आता तुम्ही म्हणाल, कन्स्ट्रक्टर तरी कुठे काय परत देतो? मग त्याच्याआधीही ‘व्हॉइड’ लिहू या की! गोम आहे ती इथेच. तयार खाते हाती देणे हे ‘न्यू’चे काम, कन्स्ट्रक्टरने फक्त पान भरायचे. म्हणून त्याला रिटर्न टाइप नाहीच, ‘व्हॉइड’सुद्धा नाही. नाव क्लासचेच आणि नावाआधी कोणताही टाइप नाही, या दोन खुणांनी जावा त्याला ओळखते.

समजा, एका विद्यार्थ्याने कन्स्ट्रक्टरमध्ये लिटरचा दर ४० रुपये लिहिला, कंस रिकामा ठेवला, आणि सवयीने नावाआधी ‘व्हॉइड’ लावला. कंपायलर अडवीत नाही, बरं का! तो त्याला साधी मेथड समजतो. क्लासमध्ये दुसरा कन्स्ट्रक्टर नाही असे पाहून एक रिकामा कन्स्ट्रक्टर आपणहून जोडतो. पहिले पान कोरेच राहते, आणि जावाच्या नियमाने कोऱ्या संख्येची किंमत ०. शेतकऱ्याने १० लिटर दूध घातले. बिल व्हायचे ४०० रुपये, ते निघते ०. दूध गेले, पैसा नाही, आणि यंत्राची कुरकुरही नाही.

कंसात दर घेणारा कन्स्ट्रक्टर असता, तर कंपायलरने अडवले असते. पण बोट दाखवले असते ‘न्यू’च्या ओळीकडे, मूळ चुकीकडे नव्हे. सी प्लस प्लस आणि सी शार्प या भाषांचे कंपायलर मात्र असला ‘व्हॉइड’ जागच्या जागी नाकारतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, असा विद्यार्थी तास न् तास गुणाकारच तपासत बसतो, आणि गुणाकार तर बिनचूक असतो. त्याला रागावू नका. नवे खाते तयार होताच दर किती आहे, तो पडद्यावर छापून पाहायला सांगा. ० दिसला, तर विचारा, “बाळ, पहिले पान कोणी भरले?” मग कन्स्ट्रक्टरच्या नावाआधीचा तो एक शब्द त्याच्याच हाताने खोडू द्या, आणि पुन्हा बिल काढायला लावा. ४०० चा आकडा उमटलेला पाहिला, की हा नियम त्याला वेगळा पाठ करावा लागणार नाही.